नागपूरहून बर्फ बघायला जायचं: मनाली की गुलमर्ग? सोबत सत्तरीतले आईबाबा

लक्ष्मीनगरवाला
नमस्कार मंडळी. घरच्यांना बर्फ दाखवायचा विचार करून राहिलो. पाच जण आहोत: आईबाबा (दोघंही सत्तरीचे, आईचे गुडघे दुखतात, बाबांना बीपीची गोळी सुरू आहे), आम्ही दोघं आणि नऊ वर्षांचा मुलगा. तारखांचे दोन पर्याय आहेत: नाताळची सुट्टी, नाहीतर २६ जानेवारीला जोडून पाच-सहा दिवस. स्कीइंग वगैरे काही नाही, फक्त बर्फात खेळायचं आणि डोंगर पाहायचे. मनाली घ्यावं की गुलमर्ग? कपडे किती विकत घ्यावे आणि किती भाड्याने? ट्रेनने सकाळी दिल्लीला उतरून संध्याकाळची व्होल्वो पकडली तर जमेल का? औलीचंही कोणीतरी सुचवलंय.

देवदार_२६५०
आधी तारीख ठरवा, मग गाव. हिमालयात हिवाळ्यातला बर्फ पश्चिमी झंझावात (पश्चिमेकडून येणारी वादळी हवा) आणतात, आणि त्यांना आपल्या शाळेच्या सुट्ट्या माहीत नसतात. नाताळात शिमला (२२०० मी.) किंवा मनाली गावात (२०५० मी.) बर्फ मिळेलच असं नाही. पडला तरी दोन दिवस कडक ऊन लागलं की रस्त्यावर नुसता राखाडी चिखल उरतो. जानेवारीचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी हा काळ जास्त भरवशाचा.

नाताळच धरायचा असेल तर उंचीचा हिशोब करा. दर १००० मीटरला तापमान ढोबळमानाने साडेसहा अंशांनी उतरतं. अटल बोगद्यापलीकडचं सिस्सू ३१०० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे मनालीपेक्षा साधारण सात अंश थंड. मनाली कोरडी असली तरी तिथे पांढरं दिसण्याची शक्यता बरीच. ९.०२ किलोमीटरचा हा बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाला आणि लाहौल (सिस्सू ज्या खोऱ्यात आहे ते) हिवाळ्यातही गाठता येऊ लागलं. रोहतांग खिंड मात्र हिवाळ्यात बंदच असते. एजंटाने पॅकेजमध्ये 'रोहतांग' लिहिलं असेल तर तिथेच ओळखा. ताजा बर्फ पडला की पोलीस मनाली-बोगदा वाटेवरच्या सोलंगच्या अलीकडेच गाड्या अडवतात, फक्त फोर बाय फोर किंवा चेन लावलेल्या पुढे सोडतात. म्हणून मनालीत सलग तीन रात्री ठेवा, एखादा दिवस तरी रस्ता मोकळा मिळतो.

२६ जानेवारी धरणार असाल तर माझं मत गुलमर्ग. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस काश्मिरात चिल्लई कलान असतो, सगळ्यात कडक थंडीचा काळ. गुलमर्ग स्वतःच २६५० मीटरवर आहे, त्यामुळे आईंना कुठे चढून जायची गरज नाही, हॉटेलच्या दारात बर्फ. टंगमर्ग ते गुलमर्ग हे १३ किलोमीटर बर्फ असताना चेनवाल्या स्थानिक गाडीनेच करावे लागतात, तेवढं भाडं वेगळं धरा. गंडोल्याची (तिथल्या रोपवेची) तिकिटं आधी ऑनलाइन काढायची. पहिला टप्पा (कोंगडोरी, ३१०० मी.च्या आसपास) सगळ्यांना चालेल, दुसरा ३९५० मीटरच्या घरात जातो, बाबांनी तो सोडावा. तसाही वाऱ्यामुळे तो बऱ्याचदा बंद असतो. प्रजासत्ताक दिनाच्या आसपास तपासणी कडक असते, ओळखपत्रं खिशात ठेवा. आणि महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, निदान एक तरी पोस्टपेड हवं.

औली सुंदर आहे, पण तुमच्या मंडळींसाठी नको. हरिद्वारपासून अख्खा दिवस घाटातला प्रवास. शिवाय जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठला जमीन खचली तेव्हा तिथून औलीला जाणारा रोपवे बंद झाला, त्याच्या भरवशावर बेत आखू नका.

जीटी_लाइन
सकाळी दिल्ली, संध्याकाळी बस? जानेवारीत नको राजेहो! नागपूर ते झाशी गाडी झकास पळते, पुढे आग्रा-मथुरा पट्ट्यात धुकं असलं की चार-सहा तासांचा उशीर अगदी नेहमीचा. दिल्लीत एक रात्र धराच. मनालीची बस १२ ते १४ तास घेते, गुडघे दुखणाऱ्या माणसाला ती एका दमात झेपत नाही; चंडीगडला मुक्काम करून पुढे टॅक्सी करा.

काश्मीर ठरलं तर दिल्ली टाळता येईल. नागपूरहून कटऱ्याला थेट गाडी आहे, पण रोज नाही, वार बघून घ्या. जून २०२५ पासून कटरा-श्रीनगर वंदे भारत सुरू आहे, तीन तासांत पोहोचवते. बर्फाने किंवा दरडीने जम्मू-श्रीनगर हायवे बंद पडला तर निम्मी सुट्टी रस्त्यात जायची, ती कटकट यात वाचते. तरी कटऱ्याला रात्रभर थांबा, त्याच दिवशीची वंदे भारत पकडायला जाऊ नका. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. विमानाने जायचं असेल आणि तारीख डिसेंबरची असेल तर नागपूरच्या विधिमंडळ अधिवेशनाचे दिवस बघून घ्या, तिकिटं उगाच चढलेली असतात.

ऊबदार
कपड्यांचं सांगतो. नागपूरच्या थंडीचा मोठा जाड स्वेटर तिथे एकटा पुरत नाही. बर्फात खेळताना माणूस आधी घामाने आतून ओला होतो, मग वितळलेल्या बर्फाने बाहेरून. गारठा भरतो तो या ओलीने. म्हणून तीन थर: अंगाला चिकटून थर्मल, त्यावर फ्लीस किंवा लोकर, सगळ्यात वर वारा-पाणी अडवणारं जाकीट. सुती बनियन आणि जीन्स घरीच ठेवा, भिजले की वाळत नाहीत.

विकत घ्या: थर्मल प्रत्येकी दोन जोड, कानटोपी, लोकरी मोजे तीन जोड, हातमोजे. स्वेटर-टोप्या हिवाळ्यातल्या तिबेटी बाजारात स्वस्तात होतील. भाड्याने घ्या: गमबूट आणि वरचा अख्खा सूट. मनाली-सोलंग रस्त्यावर नंबर टाकलेली दुकानं आहेत, ड्रायव्हर बहुधा ठरलेल्या दुकानापुढेच गाडी उभी करतो. तिथे दोन गोष्टी बघा. बुटात हात पार अंगठ्यापर्यंत घालून अस्तर चाचपा. आधीच्या गिऱ्हाईकाने भिजवलेला बूट वरून कोरडा दिसतो, आत गार लागतो. मग मोजे चढवून बूट घाला आणि बोटं हलवा. हलत नसतील तर मोठा माप मागा. घट्ट बुटात दोन जाड मोजे कोंबले की रक्त पोचत नाही, ऊब धरणारी हवाही उरत नाही, आणि पाय उलट जास्त सुन्न पडतात.

मुलाला पाच बोटांच्या ग्लोव्हजपेक्षा पिशवीसारखे मिटन घ्या, आणि दोन जोड. पहिला जोड अर्ध्या तासात ओला होणार हे धरूनच चाला.

आईंसाठी काठी असेल तर खालचं रबरी टोक गोठलेल्या बर्फावर सटकतं. धातूचं टोकदार टोक हवं. बुटावर ताणून चढवायचे काटेरी ग्रिपर मिळतात, तेही घ्या, पण हॉटेलच्या फरशीवर येताच काढायचे. चालताना टाच आधी टेकवायची नाही, अख्खं पाऊल सपाट आणि लहान. सकाळी नऊच्या आत सावलीतल्या रस्त्यावर पाणी काचेसारखं गोठलेलं असतं, नीट दिसतही नाही. उन्हं वर आल्यावरच त्यांना बाहेर काढा.

गॉगल सगळ्यांना, यूव्ही ४०० लिहिलेला. ताजा बर्फ अतिनील किरणं ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, म्हणून सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या खालीही लावा. ऊब यावी म्हणून रम घेणाऱ्यांचं ऐकू नका. कातडीतल्या रक्तवाहिन्या पसरतात, गरम वाटतं, आणि अंगातली उष्णता बाहेर जाते.

लक्ष्मीनगरवाला
गुलमर्ग पक्कं केलं, २६ जानेवारीला जोडून. आणखी दोन प्रश्न. मोबाइलवर बर्फाचे फोटो मळकट येतात म्हणतात, ते का? आणि खोलीत शेगडी किंवा बुखारी (खोली गरम करायची काश्मिरी बंद भट्टी) मागावी का?

देवदार_२६५०
कॅमेरा समोरचं दृश्य सरासरी करड्या रंगाचं धरून चालतो. सगळं पांढरं दिसलं की तो उजेड कमी करतो, आणि बर्फ राखाडी येतो. स्क्रीनवर बोट टेकवून सूर्याची खूण थोडी वर सरकवा, कॅमेऱ्यात एक्सपोजर (उजेडाची मात्रा) +१ ठेवा. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात उंचसखलपणा दिसत नाही. सकाळी-संध्याकाळी तिरप्या उन्हात सावल्या निळसर पडतात, तेव्हा काढा. बॅटरी थंडीत झपाट्याने उतरते, फोन आतल्या खिशात ठेवा. कॅमेरा खोलीत आणण्याआधी प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि तासभर तसाच राहू द्या, नाहीतर लेन्सवर दव धरतं.

बुखारी धुराड्याची असेल तर चालेल. कोळशाची उघडी शेगडी बंद खोलीत अजिबात नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. बुकिंग करतानाच विचारा: रात्रभर हीटिंग आहे का, की ठरावीक तासच? अंथरुणात इलेक्ट्रिक ब्लँकेट आहे का? त्याचे पैसे वेगळे लागतात का? गीझर कितीही मोठा असला तरी पहाटे नळ गोठलेले असू शकतात, त्यामुळे बाबांच्या गोळीपुरतं पाणी रात्रीच थर्मासमध्ये भरून उशाशी ठेवा.