अनुभव धागा: विज्ञानकथेतील अ‍ॅक्शन फिगर आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने आली?

ठाणे (धागा सुरू करताना)

माझ्या संग्रहात आज दोनशेच्या आसपास अ‍ॅक्शन फिगर, म्हणजे कथांतील पात्रांच्या हातपाय हलवता येणाऱ्या लहान प्रतिकृती, आहेत. घरी येणारा माणूस पहिल्यांदा त्यांची किंमत विचारतो. मला स्वतःला मात्र वेगळाच प्रश्न अनेक वर्षे पडलेला आहे: फिगर ज्या पुठ्ठ्याच्या कार्डावर लावून विकली जाते त्याच्या मागच्या बाजूला शेजारी शेजारी छापलेल्या पात्रांपैकी एक माझ्याकडे आहे आणि दुसरे नाही, असे का? उत्तर शोधू लागलो तेव्हा लक्षात आले की त्यात माझ्या आवडीनिवडीचा वाटा फार थोडा आहे. कारखान्याने कोणते साचे वापरले, दुकानदाराच्या पेटीत कोणत्या पात्राचे किती नग आले, नोंदणीची मुदत कधी संपली, यांनीच माझा संग्रह बहुतांशी घडवला आहे.

'अ‍ॅक्शन फिगर' हा शब्दसुद्धा विक्रीच्या गरजेतून जन्मला. १९६४ साली हॅस्ब्रो कंपनीने जी. आय. जो हा बारा इंची सैनिक बाजारात आणला, तेव्हा मुलगे 'बाहुली' विकत घेणार नाहीत या विचाराने त्या शब्दाऐवजी हा नवा शब्द वापरला गेला. माझी आजी माझ्या सर्व फिगरना सरसकट बाहुले म्हणत असे, आणि मला ते कधीही कमीपणाचे वाटले नाही.

मी १९९०च्या दशकात वाढलो. माझ्या वाट्याला आलेली मालिका म्हणजे भारतात फनस्कूलने तयार केलेली जी. आय. जो. नावाने ती सैनिकांची मालिका असली, तरी तिच्यात लेझर बंदुका होत्या, यंत्रमानवांचे सैन्य होते, आणि माझ्यासाठी विज्ञानकथेचे पहिले दार तेच होते. परीक्षेनंतर एक, वाढदिवसाला एक, अशा हिशेबाने वर्षाला तीन-चार फिगर मिळत. आमच्या जवळच्या दुकानात जी पात्रे लटकलेली असत तेवढीच जगात आहेत, असे मी कितीतरी वर्षे समजत होतो.

आपल्याकडची एखादी फिगर आपल्यापर्यंत कशी पोहोचली, ती कोणी, कुठे आणि कशा पद्धतीने विकली, हे कृपया सविस्तर लिहावे.

सिनसिनाटी, ओहायो

आम्ही १९७४ साली ओहायोत आलो, आणि १९७७च्या नाताळात माझा मुलगा सहा वर्षांचा होता. त्या वर्षी २५ मे रोजी स्टार वॉर्स प्रदर्शित झाला होता आणि त्याच्या शाळेतील सगळी मुले दुसऱ्या कशाविषयी बोलतच नव्हती. त्या चित्रपटाच्या खेळण्यांचे हक्क मेगो या त्या काळच्या मोठ्या कंपनीने नाकारले होते. ते आमच्याच गावातील केनर कंपनीने घेतले. साचे तयार करणे, नमुने मंजूर करून घेणे, पूर्वेकडील देशांतून उत्पादन करून माल जहाजाने आणणे याला एक वर्षाच्या आसपास काळ लागतो, त्यामुळे नाताळापर्यंत फिगर तयार होणे शक्यच नव्हते.

मग कंपनीने जे विकले ते मी आयुष्यभर विसरणार नाही. दुकानात एक मोठे, सपाट, पुठ्ठ्याचे पाकीट मिळत होते. त्यात बारा पात्रांची चित्रे असलेला पुठ्ठ्याचा मंच, काही स्टिकर, एका क्लबचे सभासदपत्र आणि एक प्रमाणपत्र होते. ते प्रमाणपत्र भरून टपालाने पाठवले की ल्यूक, लेआ, च्युबाका आणि आर-टू-डी-टू अशा चार फिगर १९७८च्या फेब्रुवारी ते जून या काळात घरपोच येणार होत्या. खेळणे तयारच नसताना खेळण्याचे वचन विकण्याचा तो प्रकार होता. मी हिशेबी माणूस. पैसे देताना मला ते पटले नव्हते. पण नाताळच्या सकाळी मुलाने तो मंच उभा केला, बाराही रिकाम्या जागांवर बोट ठेवून कोण कुठे उभा राहणार हे मला समजावून सांगितले, आणि पुढचे काही महिने शाळेतून आल्यावर तो आधी टपालपेटी उघडत असे. चार फिगर आल्या तेव्हा त्यांच्यासोबत मंचावर उभ्या करण्यासाठी लहान खुंट्याही होत्या. उरलेल्या आठ जागा भरण्यासाठी आम्हाला दुकानातच जावे लागले. संपूर्ण संचाची रिकामी जागा आधी मुलाच्या खोलीत पोहोचवायची, ही त्या विक्रीमागची खरी योजना होती, असे मला आज वाटते.

आकाराचा निर्णयही तितकाच दूरगामी होता. फिगर पावणेचार इंचांची ठेवल्यामुळे तिला बसवता येईल असे यान मुलाच्या हातात मावेल एवढे करता आले. जुन्या बारा इंची मापाने तेच यान घरातील पलंगाएवढे झाले असते. आमच्याकडे फिगरपेक्षा यानांवरच जास्त पैसे गेले.

आणखी एक गोष्ट लिहितो. १९७९ साली कार्डावरील खरेदीच्या पुराव्याचे चार तुकडे कापून पाठवले की स्टार वॉर्समधील बोबा फेट या पात्राची फिगर टपालाने मिळत असे. जाहिरातीत तिच्या पाठीवरचे क्षेपणास्त्र खरोखर उडणारे होते. परंतु त्याच सुमारास दुसऱ्या एका कंपनीच्या अंतराळयानाचे उडणारे क्षेपणास्त्र घशात अडकून एका मुलाचा मृत्यू झाला होता, आणि त्यामुळे हातात आलेल्या फिगरचे क्षेपणास्त्र पक्के चिकटवलेले होते. मुलगा हिरमुसला, मला मात्र ते योग्यच वाटले आणि आजही वाटते. संग्राहक आता त्या काळची अखंड कार्डे शोधतात. आमची सगळी कार्डे कोपऱ्यात कात्रीने कापलेली आहेत, कारण कापणे हाच त्या खरेदीचा भाग होता.

पुणे (खेळण्यांचे दुकान)

मी संग्राहक नाही, विक्रेता आहे. आमच्या दुकानात वडिलांच्या काळापासून खेळणी विकली जातात, आणि काउंटरच्या या बाजूने काय दिसते ते लिहावे असे वाटले.

परदेशी मालिकेच्या फिगर सुट्या मागवता येत नाहीत. त्या पेटीने येतात आणि पेटीत कोणते पात्र किती, हे कंपनीने ठरवलेले असते. आठ नगांच्या पेटीत नायक दोन किंवा तीन, आधीच्या खेपेतील उरलेली एक-दोन पात्रे, आणि ज्या नव्या पात्रासाठी ग्राहक पंधरा दिवस फोन करत असतात ते एकच. पेटी उघडल्यावर अर्ध्या तासात ते एक पात्र जाते. नायकही जातो. उरलेली पात्रे खुंटीवर लटकत राहतात, त्यांचे कार्ड उन्हाने फिके पडते, आणि ती विकली गेल्याशिवाय पुढची पेटी मागवण्याची हिंमत होत नाही. संग्राहक अशा फिगरना 'पेगवॉर्मर' म्हणतात. त्यांच्या दृष्टीने ती नकोशी पात्रे असतील. माझ्या दृष्टीने ते माझे अडकलेले भांडवल असते. ग्राहक विचारतात, "तुम्ही हेच का ठेवता?" मी ते ठेवत नाही, ते माझ्याकडे राहते.

फेब्रुवारी २०२०मध्ये खेळण्यांवरील आयातशुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले, आणि २०२३मध्ये ७० टक्के. त्याशिवाय १ जानेवारी २०२१पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. मुलांच्या तोंडात जाणाऱ्या वस्तूची तपासणी झालीच पाहिजे, आणि देशात खेळणी तयार व्हावीत याचा मला आनंदच आहे. परंतु थोडक्या ग्राहकांच्या मालिकेसाठी परदेशी कारखान्याने ते प्रमाणपत्र घ्यावे एवढी तिची विक्री आपल्याकडे नसते. माझ्या पुरवठादाराने अशा मालिका हळूहळू बंद केल्या. पूर्वी दर शनिवारी येणारी कॉलेजची मुले आता येत नाहीत, आणि त्यांची उणीव मला मनापासून जाणवते. ती केवळ गिऱ्हाईक नव्हती. कोणत्या हाताला कोणती बंदूक बसते हे मी त्यांच्याकडून शिकलो.

फोंडा, गोवा

धागाकर्त्यांनी ज्या मालिकेचा उल्लेख केला ती आमच्या गोव्यात तयार होत असे, याचा मला आजही अभिमान वाटतो. हॅस्ब्रोचे परवाने आणि साचे भारतात आले आणि १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून या शतकाच्या सुरुवातीपर्यंत या फिगर इथे निघत राहिल्या. अमेरिकेत ती मालिका १९९४ साली थांबली होती. आपल्याकडे मात्र त्याच साच्यांतून फिगर बाहेर पडत होत्या.

लहानपणी मला त्यात विशेष काही वाटले नाही. २००५च्या आसपास इंटरनेटवर शोधताना कळले की परदेशातील संग्राहक भारतीय फिगर मुद्दाम जमवतात, कारण त्यांचे रंग मूळ अमेरिकन फिगरहून वेगळे आहेत. तिकडे गडद हिरव्या गणवेशात असलेला सैनिक आपल्याकडे भडक निळ्यापिवळ्यात सापडतो. एखाद्याचे डोके वेगळ्या धडावर बसलेले असते. मी माझ्या फिगर ट्रंकेतून काढून खिडकीच्या उजेडात ठेवल्या आणि पहिल्यांदाच नीट पाहिल्या. ज्या रंगांना मी लहानपणी 'तेच खरे रंग' समजत होते, ते जगात इतरत्र कुठेच नव्हते.

एका अमेरिकन संग्राहकाने माझ्या चार बंद कार्डांसाठी चांगली किंमत देऊ केली होती. मी दोन दिली आणि दोन ठेवली. दिलेल्या दोन फिगरची आठवण अजून येते.

तोक्यो

नोकरीनिमित्त मी इथे नऊ वर्षे आहे. इथली पद्धत पुण्याच्या विक्रेत्यांनी लिहिलेल्या पद्धतीच्या जवळजवळ उलट आहे. मोठ्यांसाठीच्या फिगर, उदाहरणार्थ २००८ साली सुरू झालेल्या बंदाईच्या एस. एच. फिगुआर्ट्स, बऱ्याच वेळा आधी नोंदणी घेऊन विकल्या जातात. काही पात्रे तर दुकानात येतच नाहीत. कंपनीच्या संकेतस्थळावर ठरावीक मुदतीत मागणी नोंदवायची आणि सहा-आठ महिन्यांनी फिगर घरी येते. खुंटीवर शिळे काही राहत नाही. मात्र मुदत चुकली की पुढचा मार्ग जुन्या मालाच्या दुकानाचाच.

त्या दुकानांविषयी मला अधिक लिहायचे आहे. नाकानो ब्रॉडवे या जुन्या इमारतीत मांदाराके या जुन्या वस्तूंच्या दुकानाची आणि इतर अनेकांची लहान लहान दालने आहेत. प्रत्येक फिगरवर हाताने लिहिलेली चिठ्ठी असते: खोका उघडलेला आहे, डाव्या हाताचा सुटा पंजा नाही, पाठीवर बारीक ओरखडा आहे. एवढ्या प्रामाणिकपणे लिहिलेले दोष वाचून मला एखाद्या वस्तूविषयी अविश्वास वाटण्याऐवजी जवळीक वाटू लागली. १९७४ साली पोपी कंपनीने काढलेल्या धातूच्या माझिंगर झेड या यंत्रमानवाची एक झिजलेली प्रत मी तिथेच घेतली. तिच्या छातीवरचा रंग कोणा मुलाच्या अंगठ्याने उडालेला आहे, आणि ती जागा बरोबर माझ्या अंगठ्याखाली येते.

एडिसन, न्यू जर्सी

सामुदायिक निधीच्या पद्धतीचा उल्लेख अजून आला नाही, म्हणून लिहितो. २०१८ साली हॅस्ब्रोने पावणेचार इंची फिगरसाठी स्टार वॉर्समधील जब्बा या खलनायकाची शिडाची नौका जाहीर केली: किंमत पाचशे डॉलर, आणि किमान पाच हजार लोकांनी आधी मागणी नोंदवली तरच ती तयार होणार. प्रत्यक्षात ८,८१० नोंदण्या झाल्या. मीही त्यांत होतो. नौका चार फूट लांब आहे आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर दोन दिवस मुक्कामाला होती.

२०२१ साली त्याच पद्धतीने जाहीर झालेल्या रँकॉर या राक्षसासाठी मात्र नऊ हजार नोंदण्या हव्या होत्या आणि त्या पूर्ण झाल्या नाहीत, म्हणून तो तयारच झाला नाही. मला या पद्धतीत एक गोष्ट स्वच्छ वाटते: वस्तू हवी असलेल्यांची मोजणी उघडपणे होते. पण ४५ दिवस तो आकडा रोज पाहणाऱ्या माणसाला शेवटी वस्तू हवी असते की आकडा पूर्ण व्हायला हवा असतो, हे माझ्यापुरते तरी मी ठामपणे सांगू शकत नाही.

रत्नागिरी

माझा अनुभव विक्रीनंतरचा आहे. कोकणातील हवेत प्लॅस्टिक टिकवणे कठीण जाते. मऊ पीव्हीसीच्या फिगरमधील मऊपणा आणणारे द्रव्य वर्षानुवर्षे पृष्ठभागावर येत राहते आणि फिगर चिकट होते. घट्ट बंद खोक्यात ते आणखी वाढते. कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन, सावलीत वाळवून, हवा खेळत्या कपाटात ठेवणे एवढाच उपाय मला लागू पडला. सोनेरी चकाकीचे प्लॅस्टिक असलेल्या १९८०च्या दशकाच्या अखेरच्या ट्रान्सफॉर्मर्सना मात्र हातच लावू नये. ते प्लॅस्टिक आतूनच ठिसूळ झालेले असते आणि सांधा वळवताच तुटते.

ठाणे आणि फोंडा येथील सदस्यांसाठी: आपल्या जी. आय. जोचे धड आणि पाय एका रबरी कडीने जोडलेले असतात. ती कडी तीस वर्षांत वाळून तुटते आणि फिगरचे दोन तुकडे होतात. फिगर फेकू नये. पाठीवरचा एक स्क्रू काढला की धड उघडते, आणि योग्य मापाची कडी नळदुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात मिळू शकते. जुना तुकडा मापाला सोबत न्यावा.

फोंडा, गोवा

रत्नागिरीच्या सदस्यांचे मनापासून आभार. कालच जुना तुकडा घेऊन बाजारात गेले होते. दुकानदाराने तीन मापांच्या कड्या दाखवल्या, त्यांपैकी मधली बसली. पिवळ्या पायांचा माझा सैनिक अकरा वर्षांनी उभा आहे. ट्रंकेत अजून सहा जण आहेत, म्हणून मधल्या मापाच्या सहा कड्या आणखी सांगून ठेवल्या आहेत.