फ्लीट वॉकर फक्त ४२ सामने का खेळला?

पर्वतीकरीण: लेक शाळेच्या सॉफ्टबॉल संघात कॅचर आहे, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारी. कुठला चेंडू हवा ते कॅचर बोटांनी खुणावतो. संध्याकाळी पार्किंगमध्ये मीच तिला चेंडू टाकते. परवा तिनं खूण केली एक आणि मी टाकला भलताच. ग्लोव्ह असूनही तिचा अंगठा टम्म सुजला. तो शेकत बसले असताना जुन्या कॅचरांबद्दल वाचत होते, त्यात अमेरिकेतला बेसबॉलपटू मोझेस फ्लीटवूड वॉकर सापडला. १८८४, टोलेडो संघ, ४२ सामने, फलंदाजीची सरासरी .२६३. त्या काळच्या कॅचरसाठी ही उत्तमच. मग पुढच्या वर्षी तो कुठे गेला?

नळस्टॉप: दुखापत. जुलैत बरगडीला लागलं, सप्टेंबरमध्ये संघानं सोडलं.

जुनाबाजार: नळस्टॉप, तेवढंच असतं तर तो १८८९पर्यंत खालच्या लीगमध्ये खेळलाच नसता. ताई, वॉकर कृष्णवर्णीय होता. १८८१मध्ये लुईव्हिलला त्याला मैदानात उतरू दिलं नव्हतं आणि १ मे १८८४ला मेजर लीगमधला, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च स्तरावरचा, पहिला सामना तो तिथेच खेळला! तुमच्या अंगठ्याच्या गोष्टीवरून टोनी मुलेन आठवला, वॉकरच्याच संघातला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. वॉकरइतका चांगला कॅचर मिळाला नाही, पण काळ्याच्या खुणा मी मानत नसे, मनाला येईल तो चेंडू टाकायचो, असं त्यानं म्हातारपणी स्वतः सांगितलं. आजच्यासारखे जाड ग्लोव्ह तेव्हा नव्हते. समोरून काय येतंय ते ठाऊक नसताना वॉकर ते झेलत होता. मला तर वाचतानाच हात आखडल्यासारखे होतात. १८८७मध्ये इंटरनॅशनल लीगनं कृष्णवर्णीयांशी नवे करार करायचे नाहीत असं ठरवलं. मग मेजर लीगमध्ये पुढचा कृष्णवर्णीय खेळाडू थेट १९४७ला, जॅकी रॉबिन्सन.

कॅम्पातला: मेजर लीगमध्ये वॉकरच्या आधी कृष्णवर्णीय वंशाचा विल्यम एडवर्ड व्हाइट होता. १८७९, प्रॉव्हिडन्सकडून एकच सामना. आणि आपल्या पुण्यात दलित क्रिकेटपटू बाळू पालवणकर. इथल्या इंग्रजांच्या क्लबात मैदानाची कामं करता करता साहेबांना नेटमध्ये चेंडू टाकायचे. हिंदू संघानं घेतलं ते विकेटसाठी, चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात. १९११च्या इंग्लंड दौऱ्यावर शंभराच्या वर बळी घेतले त्यांनी.

पर्वतीकरीण: बाळूंचं चहाचं माहीत होतं, मुलेनचं नव्हतं. लेकीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आई, पण दोघं एकाच टीममध्ये होते ना?" मला बोलवेना. सूज उतरली आहे, उद्या पुन्हा पार्किंगमध्ये उतरू.