मदत हवी: चायनीज टायपिंगचं सॉफ्टवेअर सोर्समधून (मूळ कोडपासून) बिल्ड होईना

चटईवाला_जळगाव: कालपासून आयबस-राइम बिल्ड करतोय, त्याला लागणाऱ्या लिबराइम लायब्ररीवरच अडकतं. सगळं बरोबर केलंय. चटईच्या लूमच्या (मागाच्या) पार्टसाठी चीनच्या पार्टीला सोमवारी लिहायचंय. लवकर सांगा.

भुसावळ_यार्ड: अडकतं म्हणजे कुठं? आउटरला की प्लॅटफॉर्मवर? लिनक्स कुठलं, एरर काय?

चटईवाला_जळगाव: उबुंटू. यॅमल-सीपीपी नावाची लायब्ररी सापडत नाही म्हणतंय.

धुळ्याचे_नाना: सोर्सचा सोस कशाला? उबुंटूच्या ॲप्टनं तयार पॅकेज मिळतं. मी तर चायनीज टायपिंगला लिबपिनयिन वापरतो, दोन मिनिटांचं काम.

चटईवाला_जळगाव: पॅकेज टाकून पाहिलं नाना, जुनं आहे. नवीनच पाहिजे.

भुसावळ_यार्ड: गिट क्लोन केलं की झिप उतरवली?

चटईवाला_जळगाव: झिप. त्यानं काय होतं?

भुसावळ_यार्ड: तिथंच माशी शिंकली. गिटहबच्या झिपमध्ये सबमॉड्यूल, म्हणजे जोडलेले दुसरे प्रोजेक्ट, येत नाहीत. 'डेप्स' उघडून पाहा, आतली फोल्डरं रिकामी असतील. रिकर्सिव्ह लावून क्लोन करा, नाहीतर बूस्ट, लेव्हलडीबी, मरीसा, ओपनसीसी, यॅमल-सीपीपी यांची डेव्ह पॅकेजं टाका. नुसत्या लायब्ररीवर भागत नाही, कंपाइल करायला त्यांच्या हेडर फायली लागतात.

केळीबाग_रावेर: मराठीला इनस्क्रिप्ट कीबोर्डच बेस्ट.

धुळ्याचे_नाना: चायनीजचं चाललंय भाऊ.

केळीबाग_रावेर: मंग ट्रान्सलेटमधून कॉपी-पेस्ट करा ना. आठे इतलं ऊन शे, पीसी कसाले तपाडतस?

चटईवाला_जळगाव: डेव्ह पॅकेजं टाकली, पुढं सरकलं. आता मधेच 'किल्ड' येऊन बंद पडतं.

भुसावळ_यार्ड: रॅम किती? मेकला 'जे ८' दिलंय का?

चटईवाला_जळगाव: ४ जीबी. हो, ८.

भुसावळ_यार्ड: हे आधी सांगायचं ना राव! एका वेळी ८ फायली कंपाइल करायला गेलं की रॅम संपते. 'जे १' द्या आणि जेवून या.

चटईवाला_जळगाव: दोन्ही बिल्ड झालं, इन्स्टॉल झालं. पण आयबसच्या (उबुंटूच्या टायपिंग सिस्टिमच्या) यादीत राइम नाहीच!!

भुसावळ_यार्ड: सीमेक (बिल्डची तयारी करणारं टूल) हातानं, प्रिफिक्स म्हणजे इन्स्टॉलची जागा न देता चालवलं असेल. मग सगळं यूएसआर-लोकलमध्ये जातं आणि उबुंटूचा आयबस यूएसआर-शेअरमध्येच बघतो. प्रिफिक्स यूएसआर देऊन पुन्हा करा, नवी लायब्ररी सापडावी म्हणून एलडीकॉन्फिग चालवा, आयबस रीस्टार्ट.

धुळ्याचे_नाना: थेट यूएसआरमध्ये कोंबायला सांगू नका हो! ॲप्टच्या फायलींवर चढेल.

भुसावळ_यार्ड: मग आधी जुनं पॅकेज काढा, एवढंच. माझ्याकडं असंच चालतंय.

धुळ्याचे_नाना: तुमच्याकडं चालतं म्हणून ते बरोबर का?

चटईवाला_जळगाव: भांडू नका, पॅकेज काढलं, आता दिसतंय. पण जे-आय-क्यू-आय टाइप केलं की मशीनच्या चायनीज शब्दाचं पहिलं अक्षर १६ रेघांचं येतं. पार्टीच्या मेसेजमध्ये ६ रेघांचं आहे.

नंदुरबारी_मिरची: राइम मुळात पारंपरिक लिपी देतं. एफ-४ दाबा, मेनूतून सोपी लिपी निवडा. पॅकेजमध्येही तसंच आहे.

चटईवाला_जळगाव: आलं! पॅकेजमध्येही तीच जास्त रेघांची अक्षरं येत होती, म्हणून तर मला ते जुनं वाटलं.

धुळ्याचे_नाना: 🙏

चटईवाला_जळगाव: बरं, लूमच्या शटलला चायनीजमध्ये काय म्हणतात?