बारावीनंतर थेट पाच वर्षं? आधी भरतीच्या जाहिराती वाचा, मग फी भरा

धरमपेठी_दादा:
काल इथे एकाने लिहिलं की नवे फौजदारी कायदे आले, आता पोरांनी बारावीनंतर डोळे झाकून गुन्हेशास्त्र-फॉरेन्सिकचा पाच वर्षांचा इंटिग्रेटेड कोर्स घ्यावा. बॅचलर्स-मास्टर्स एका दमात, नोकरी दारात. राहवलं नाही. कुठली नोकरी? पीएसआयसाठी एमपीएससीला कुठलीही पदवी चालते. साधं बीए केलेला पोरगा तुमच्या दोन वर्षं आधी त्याच रांगेत उभा. सरकारी वकील व्हायला एलएलबी लागतेच. न्यायाधीश म्हणाल, तर सुप्रीम कोर्टाने मे 2025 मध्ये तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. राहिली आपल्या नागपुरातली धंतोलीची फॉरेन्सिक प्रयोगशाळा. तिथे जागा कधी निघतात याची वाट पाहत केस पांढरे करायचे का? वर सतराव्या वर्षी सिरियल पाहून चढलेलं वेड पाच वर्षं टिकेल याची हमी कोण देणार?

सूक्ष्मदर्शक_ताई:
मी फॉरेन्सिकच शिकतेय आणि सिरियल पाहून आलेली नाही. बीएनएसएसचं, म्हणजे सीआरपीसीच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 176(3) वाचलंत? सात वर्षं किंवा जास्त शिक्षेचा गुन्हा असेल तर फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचंच. राज्यांना तयारीला पाच वर्षं दिलीत, कायदा लागू झाला 1 जुलै 2024 ला. म्हणजे आज बारावी झालेला पोरगा बाहेर पडेल तेव्हा ती मुदत संपलेली असेल. ही माणसं कुठून आणणार, तुमच्या बीएच्या रांगेतून? राष्ट्रीय फॉरेन्सिक विद्यापीठाचं केंद्र नागपुरात उगाच आलंय का? आणि नव्या शैक्षणिक धोरणात तिसऱ्या वर्षी पदवी घेऊन बाहेर पडता येतं. पाच वर्षांची जन्मठेप नाही ती.

खर्राप्रेमी_महाल:
ताई, तज्ज्ञ येईन तवा येईन. आधी पंचाचं पाहा. मी पानठेल्यावर खर्रा घोटून घेऊन राहिलो होतो. पोलीसवाला आला, म्हणे भाऊ जरा सही मारा. मारली. त्या एका सहीपायी कोर्टाचे चकरा मारून मारून चपला झिजल्या. वकील मले विचारते, चाकू पाकिटात टाकला तवा सील कोणत्या रंगाचं होतं? मले का माहीत बावा! पंचनामा मी वाचलाच नव्हता.

तारीख_पे_तारीख:
मग सही का केलीत? तुमच्यासारख्यांमुळेच केसेस पडतात. वीस वर्षं क्रिमिनल साइडला आहे. लॅबचा रिपोर्ट सोन्यासारखा असतो आणि पंच फितूर होतो. ज्या जप्तीचा तो रिपोर्ट, तिचाच पत्ता नाही. मग डीएनए घेऊन काय चाटायचं?

खर्राप्रेमी_महाल:
फितूर कोणाले म्हणता? मी खरंच सांगितलं की पाहिलं नाही. खोटं बोलायचं होतं का?

सूक्ष्मदर्शक_ताई:
यासाठीच बीएनएसएसच्या कलम 105 मध्ये झडती-जप्तीचं व्हिडिओ चित्रण सक्तीचं केलंय. चित्रण असलं की सीलचा रंग पंचाला विचारावा लागणार नाही. पण पुरावा कसा उचलायचा, पाकिटात कसा घालायचा, कोणाकडून कोणाकडे गेला याची नोंद कशी ठेवायची, हे कुणीतरी शिकलेलं हवं ना? आम्ही तेच शिकतो.

धरमपेठी_दादा:
शिकता, मान्य. पण हे शिकायची गरज ठाण्यातल्या हवालदाराला आहे. त्याला चार आठवडे शिकवा, तुम्हाला पाच वर्षं कशाला? आणि हो, तिसऱ्या वर्षी बाहेर पडता येतं हेही मान्य. मग लोक पाच वर्षांचा बोर्ड पाहून वसतिगृहासकट पैसे भरतात, ती हुशारी कोणाची?

तारीख_पे_तारीख:
चार आठवड्यांचा हवालदार उलटतपासणीत दहा मिनिटं टिकत नाही, दादा. मीच झोडपतो त्याला. ताई टिकतील, असं वाटतं. फक्त त्यांची जागा निघू दे.

सूक्ष्मदर्शक_ताई:
उपकार झाले.

खर्राप्रेमी_महाल:
वकीलसाहेब, साक्षीले येणाऱ्याले भत्ता भेटते म्हणे?

तारीख_पे_तारीख:
मिळतो, कोर्टात मागावा लागतो.

खर्राप्रेमी_महाल:
मागितला होता. बाबू म्हणे ऑटोची पावती आणा. आमच्या महाल भागातून ऑटोवाला पावती देते का, तुम्हीच सांगा!