आयएसओपेक्षा काच आणि वेळ महत्त्वाची

उंच इमारतीतून रात्रीचे शहर टिपताना आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) किती वाढवावा, यावर बरीच चर्चा होते. पण कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का असेल तर आयएसओ १०० वरच ठेवून शटर काही सेकंद उघडे ठेवणे केव्हाही चांगले. खरी अडचण खिडकीच्या काचेची असते. खोलीतले दिवे मालवले तरी दाराच्या फटीतून आलेला उजेड काचेवर उमटतो आणि नेमका आकाशाच्या काळ्या भागात पांढुरका डाग होऊन दिसतो, म्हणून लेन्सचे रबरी हूड (लेन्सच्या टोकाला बसणारे कडे) काचेला टेकवावे किंवा लेन्सभोवती काळे कापड धरावे. पोलरायझरचा (चकाकी कमी करणाऱ्या फिल्टरचा) मोह मात्र टाळावा, कारण काचेकडे सरळ रोखलेल्या लेन्सला त्याचा उपयोग जवळजवळ होत नाही आणि प्रकाश मात्र बराच कमी होतो.

दुसरे म्हणजे, पूर्ण अंधाराची वाट पाहू नये. सूर्यास्तानंतर साधारण २० ते ३० मिनिटांनी आकाशाचा निळा उजेड आणि खिडक्यांतले दिवे जवळपास तुल्यबळ होतात, इमारतींच्या कडा आकाशात विरून जात नाहीत, आणि ही संधी फार थोडा वेळ टिकते. तेव्हा फोकस आधीच एखाद्या दूरच्या दिव्यावर हाताने लावून ठेवावा.