रक्तपिपासूंच्या गुप्त धर्मसंघाची मूळकथा कशी रचावी?

कंबरतलाव यांचा प्रश्न

नमस्कार. आम्ही पाच मित्र गेले काही महिने दर रविवारी संध्याकाळी विजापूर वेशीजवळच्या आमच्या घराच्या गच्चीवर फासे टाकून कथा पुढे नेण्याचा खेळ खेळतो. कथा सांगण्याचे काम माझ्याकडे असते. सध्याच्या कथेत रक्तपिपासूंचा, म्हणजे आपण ज्यांना व्हॅम्पायर म्हणतो त्यांचा, एक गुप्त धर्मसंघ आहे. हे लोक उपास करतात, व्रते पाळतात, एकमेकांसमोर पापांची कबुली देतात आणि आपली परंपरा येशू ख्रिस्ताच्या कुशीत भाला खुपसणाऱ्या रोमन शिपायापर्यंत नेऊन भिडवतात. त्या रक्ताचा स्पर्श झाल्यामुळे तो शिपाई अमर झाला आणि शापितही झाला, एवढेच मी आजवर सांगितले होते.

परवा आमच्यातल्या एकाने, जो महाविद्यालयात इतिहास शिकवतो, फासा हातात तसाच धरून विचारले, "शाप एका माणसाला लागला, हे समजले, पण त्याने संघ कशासाठी काढला? आणि इतकी शतके हे लपून कसे राहिले?" मला उत्तर देता आले नाही, आणि खेळ तिथेच थांबून आम्ही कडक भाकरी आणि शेंगाचटणीकडे वळलो.

तेव्हा जाणकारांना विचारावेसे वाटते की या शिपायाच्या दंतकथेत मुळात काय आहे, तिच्यातून संघ उभा करता येतो का, आणि ही कथा सोलापुरात आणावी का. भुईकोट किल्ला आणि सिद्धेश्वराचा तलाव डोळ्यांसमोर असताना ते मोह घालतातच.

जुनी_पोथी यांचे उत्तर

आपण दंतकथेचा एक धागा उचलला आहे, पण ज्या भागात तुमच्या मित्राच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे तो भाग मागे राहिला आहे.

योहानाच्या शुभवर्तमानात, १९व्या अध्यायाच्या ३४व्या ओवीत, एक शिपाई भाल्याने कुशीत भोसकतो आणि रक्त व पाणी बाहेर येते, एवढेच आहे. त्याला नाव नाही. 'लाँगिनस' हे नाव पुढच्या, बायबलबाहेरच्या ग्रंथांतून आले, आणि ग्रीक भाषेत भाल्याला 'लाँखे' म्हणतात हे लक्षात घेतले तर शिपायाला त्याच्या हत्याराचेच नाव चिकटले असे बहुतेक अभ्यासक मानतात. इसवी सन ५८६मधल्या एका सिरियाक हस्तलिखितातल्या चित्रात भालेकऱ्याच्या डोक्यावर हे नाव लिहिलेले आहे, म्हणजे तोवर ते रुळलेले होते.

तेराव्या शतकातल्या संतचरित्रांच्या संग्रहात ही कथा भरघोस झालेली दिसते. त्याचे डोळे अधू होते, भाल्याच्या दांड्यावरून ओघळलेले रक्त डोळ्यांना लागले आणि दृष्टी स्वच्छ झाली. मग त्याने शिपाईगिरी सोडली, कॅपाडोशियातल्या सिझेरिया गावी २८ वर्षे मठवासी जीवन काढले आणि अनेकांना धर्मात आणले. पुढे तिथल्या सुभेदाराने त्याचे दात उपटवले आणि जीभ कापवली, तरीही तो बोलतच राहिला. शेवटी त्याचा शिरच्छेद झाला.

आता हेच उलट्या बाजूने वाचून पाहा. संताला रक्ताने दृष्टी दिली. तुमच्या शिपायाला त्याच रक्ताने इतकी दृष्टी दिली की दिवसाचा उजेडच सोसवेना. संताने २८ वर्षे मठात काढली. तुमच्या शिपायानेही काढली, आणि ज्यांना त्याने रात्री आपल्यासारखे केले ते त्याचे पहिले शिष्य झाले. संघ वेगळा काढावाच लागला नाही, तो मठातच जन्माला आला. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे दात. सुभेदाराने ते उपटले ही शिक्षा होती. शिष्यांनी तीच दीक्षा केली. या संघात प्रवेश घेणाऱ्याचे सुळे स्वतः गुरू उपटतो, म्हणून हे लोक कुणाच्या मानेला तोंड लावू शकत नाहीत. त्यांना रक्त मागून, वाडग्यात घेऊन प्यावे लागते. मागणे आले की देणारा आला, देणाऱ्याशी करार आला, कराराचे नियम आले आणि नियम सांभाळणारे वडीलधारे आले. केवळ भुकेपोटी टोळी होते. पंथ व्हायला भुकेवर बंधन घालणारा कुणीतरी लागतो.

आणखी एक सुचवतो. तो पवित्र भाला आपल्याकडेच आहे असे सांगणारी ठिकाणे एकाहून अधिक आहेत. एक भाला व्हिएन्नाच्या राजवाड्यातल्या खजिन्यात आहे, एक आर्मेनियातल्या एचमियाद्झिन इथे आहे, आणि एक १४९२मध्ये तुर्की सुलतान दुसरा बायझीद याने पोपकडे रोमला पाठवला. पहिल्या धर्मयुद्धात तर १०९८च्या जूनमध्ये अँटिऑकच्या वेढ्यात सापडलेल्या उपाशी फौजेने चर्चची फरशी खणून एक भाला काढला. ज्याच्या दृष्टान्तावरून खणले तो पीटर बार्थोलोम्यू पुढच्या वर्षी खरेपणा सिद्ध करण्यासाठी आगीतून चालत गेला आणि काही दिवसांतच वारला. जितके भाले तितक्या तुमच्या संघाच्या शाखा, आणि प्रत्येक शाखेच्या लेखी बाकीच्या पाखंडी. हे भांडण लावून दिलेत तर आणखी वर्षभर तरी तुम्हाला नवीन कथा शोधावी लागणार नाही.

शवागार यांचे उत्तर

वरील उत्तर सुंदर आहे, परंतु त्यात एक अडचण आहे. रक्तपिपासूंविषयीच्या ज्या नोंदी युरोपात खरोखर झाल्या, त्यांत मठ नाही, भाला नाही आणि सरदारी झगाही नाही. त्यांत गावचा शेतकरी आहे. मी वैद्यकीय शिक्षण क्षेत्रातला असल्यामुळे मला याच नोंदी अधिक जवळच्या वाटतात.

१७२५मध्ये सर्बियातल्या, त्या वेळी ऑस्ट्रियाच्या ताब्यात असलेल्या एका गावी पेटार ब्लागोयेविच नावाचा माणूस वारला. त्यानंतर थोड्याच दिवसांत गावातली नऊ माणसे दगावली, तेव्हा गावकऱ्यांनी सरकारी अधिकाऱ्याला उभे करून त्याची कबर उकरली. प्रेत सडलेले नव्हते, जुनी कातडी निघून खाली नवी दिसत होती, नखांचेही तसेच, आणि तोंडात ताजे रक्त होते. गावाने त्याच्या छातीत खुंट ठोकला आणि प्रेत जाळले. अधिकाऱ्याने हे लिहून वर पाठवले आणि ते व्हिएन्नाच्या वर्तमानपत्रात छापून आले. १७३२मध्ये मेद्वेजा गावच्या अशाच प्रकाराचा अहवाल तर लष्करी शल्यवैद्यांच्या सह्यांनी निघाला.

या सगळ्याला कारणे आहेत. थंड, दमट मातीत प्रेत सावकाश कुजते. पोटात वायू साठून शरीर फुगते, त्या दाबाने फुप्फुसांतला पातळ, लालसर द्रव तोंडावाटे वर येतो, आणि वरची कातडी सुटली की आतला थर कोवळा दिसतो. खुंट ठोकला की तोच वायू घशातून बाहेर पडतो आणि प्रेत कण्हल्यासारखे वाटते. पहिल्यांदा असे प्रेत पाहणारा विद्यार्थी आजही एक पाऊल मागे सरतो, मग त्या गावकऱ्यांना काय दोष द्यायचा?

आता तुमच्या मित्राचा दुसरा प्रश्न घेतो, संघ लपून कसा राहिला. १७५५मध्ये सम्राज्ञी मारिया थेरेसाने आपले राजवैद्य गेरार्ड व्हान स्वीटेन यांच्या देखरेखीखाली या प्रकारांची चौकशी करवली. हा सगळा अज्ञानाचा खेळ आहे असा त्यांचा निष्कर्ष निघाला, आणि कबरी उकरून प्रेते जाळण्यास राज्यभर मनाई झाली. इतिहासाच्या दृष्टीने हा विवेकाचा विजयच होता. परंतु तुमच्या कथेतल्या संघाच्या जागी बसून पाहा. कालपर्यंत प्रत्येक गाव कुदळ घेऊन मागे लागत होते, आणि आज राजाज्ञेने सांगितले की तुम्ही अस्तित्वातच नाही. कबरींना सरकारी संरक्षण मिळाले! याहून चांगले कवच कोणत्या पंथाला मिळाले असेल? म्हणून माझे म्हणणे असे की संघाचा धर्म जेरुसलेमचा असू द्या, पण त्याची गुप्तता १७५५ची असू द्या. त्याआधी तो गुप्त नव्हता, तर नुसता पळत होता.

जुनी_पोथी

१७५५ची कल्पना मान्य आहे आणि मला ती सुचली नाही याची खंतही आहे. शेतकऱ्याच्या मुद्द्यावर मात्र मी अडून बसेन. तो शेतकरी संघाबाहेरचा, दीक्षा न मिळालेला आणि सुळे न उपटलेला समजावा. मठवासी त्याला वाचवायला जातात की गावाच्या आधी आपणच संपवायला जातात, एवढ्या एका प्रश्नावर संघ दुभंगू शकतो.

धोटा यांचे उत्तर

तुम्हा दोघांचे वाचून आनंद झाला. मी पूर्वभागातली, मागाच्या खडखडाटात वाढलेली, त्यामुळे मला पहिले उत्तर वाचताना आपली जेकार्ड चादर आठवली. चादर उलटी केली की वेल तीच दिसते, मोर तोच दिसतो, रंगांची मात्र अदलाबदल होते. संताची कथा आणि या शिपायाची कथा एकाच मागावर विणलेल्या आहेत हे त्यांनी नेमके पकडले आहे.

आता तुमच्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल. ही कथा सोलापुरात आणू नका, निदान सिद्धेश्वरापाशी तरी नको. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात गावाभोवती ६८ लिंगे स्थापिली, तळे खोदवले. संक्रांतीला नंदीध्वजांची मिरवणूक निघते आणि त्या काठ्या पेलायला आमच्या गल्लीतली मुले कितीतरी दिवस आधी सराव करतात. हे जिवंत दैवत आहे. त्याच्या तलावात रक्तपिपासू बुडवायला माझी ना आहे, आणि तुम्हालाही ते पुढच्या गड्ड्याच्या जत्रेत उभे राहून सांगता येणार नाही.

व्हॅम्पायरला वेताळ म्हणण्याचा मोहही टाळा. आमच्या आजीच्या हिशेबात मुंजा पिंपळावरचा, हडळ पाणवठ्यावरची, खवीस वेगळा आणि वेताळ तर भुतांचा राजा, कित्येक गावांत शेंदूर फासलेला राखणदार. विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ तर राजाला कपटी भिक्षूपासून वाचवतो. तो रक्तासाठी कुणाच्या उशाशी येत नाही.

आपल्याकडचे जुळणारे काही हवेच असेल तर कापालिक, म्हणजे कवटी हाती घेऊन फिरणारे जुने शैव साधू, पाहा. भैरवाने ब्रह्मदेवाचे पाचवे शिर छाटले, ते कपाल त्याच्या हाताला चिकटले, आणि ते हातात घेऊन भीक मागत तो काशीपर्यंत फिरला. तिथे कपालमोचन तीर्थावर ते गळून पडले. ब्रह्महत्येचे प्रायश्चित्त म्हणून धर्मशास्त्रानेही बारा वर्षे कवटी घेऊन, स्वतःचे पाप सांगत भिक्षा मागायला लावली आहे. कापालिकांनी मात्र ते प्रायश्चित्त पाप न करताच अंगीकारले आणि त्याचेच महाव्रत केले. अपराध्याची शिक्षा शिष्यांची साधना होते, हे जुनी_पोथी यांनी दातांबद्दल सांगितलेलेच आहे, फक्त इथे वाडग्याच्या जागी कवटी आहे. संस्कृत नाटककार भवभूतीने आठव्या शतकात 'मालतीमाधव' नाटकात अघोरघंट नावाचा कापालिक रंगभूमीवर आणून नायिका मालतीला चामुंडेपुढे बळी द्यायला उभी केली, तेव्हापासून बिचाऱ्यांची अपकीर्ती झाली ती झालीच. त्यांच्याविषयी आपल्याला जे कळते ते बहुतेक त्यांच्या विरोधकांच्या लेखणीतून. तुमच्या संघाची मूळकथाही खेळाडूंना आधी शत्रूच्या तोंडून कळू द्यावी, असे मला वाटते.

कंबरतलाव

सर्वांचे मनापासून आभार. धोटाताई, सिद्धेश्वराचा विचार मी सोडून दिला आहे. खरे सांगायचे तर घरी आईनेही नेमके हेच बजावले होते. कथा सिझेरियात आणि १७५५च्या व्हिएन्नात राहील.

काल रात्री बसून पहिला प्रसंग लिहिला. संघाचा एक वृद्ध सदस्य राजवैद्याच्या चौकशी पथकात दुभाषा म्हणून शिरला आहे आणि उकरलेल्या कबरीशेजारी उभा राहून प्रेत का फुगले हे अगदी शास्त्रशुद्ध समजावून सांगतो आहे. वैद्य खूश होऊन त्याला विचारतो की एवढ्या ज्ञानी माणसाचे वरचे दोन दात कुठे गेले. उत्तर काय द्यायचे ते खेळाडूंनी ठरवायचे आहे, कारण त्या दुभाष्याची भूमिका मी त्याच इतिहासवाल्या मित्राकडे दिली आहे. शवागार यांना एकच विचारायचे आहे: कबर उन्हाळ्यात उकरली तर कातडी सुटायला किती दिवस धरावेत? तो हे विचारल्याशिवाय राहणार नाही.

शवागार

उन्हाळा असेल तर फार दिवस धरू नका. उघड्यावर दोन-तीन दिवसांतही कातडी सुटू लागते. पुरलेले प्रेत त्याहून पुष्कळ सावकाश चालते. ब्लागोयेविचची कबर पुरल्यापासून सुमारे दहा आठवड्यांनी उकरली होती. तेवढेच धरा, मित्र हरकत घेणार नाही.