ओसेजच्या धनुष्यासाठी सापाच्या कातड्यांची जोडी कशी जुळवावी?

कुंपणकाठी (ओक्लाहोमा):

नमस्कार. गेली तीन वर्षे मी एकसंध लाकडाची धनुष्ये करतो आहे. शेजारच्या शेतकऱ्याने शेताच्या कडेचे ओसेज ऑरेंजचे जुने झाड तोडले, तेव्हा त्याने एक ओंडका मला दिला. फ्रेंचांनी या झाडाला ‘ब्वा दार्क’, म्हणजे धनुष्याचे लाकूड, असे नाव दिले होते आणि त्याचेच ‘बोडार्क’ हे रूप इथल्या लोकांच्या तोंडी आजही आहे. त्या ओंडक्यातून काढलेले धनुष्य 66 इंच लांब असून मुठीच्या दोन्ही बाजूंना ते दीड इंच रुंद आहे आणि टोकांशी अर्ध्या इंचापर्यंत निमुळते होते.

त्याच्या पाठीवर, म्हणजे ओढताना धनुर्धराच्या विरुद्ध दिशेला राहणाऱ्या बाजूवर, चिकटवण्यासाठी मी वेस्टर्न डायमंडबॅक जातीच्या रॅटलस्नेकची दोन वाळवलेली कातडी मागवली. विक्रेत्याने ‘जुळी जोडी’ म्हणून पाठवली खरी. परंतु एक 46 इंचांचे व राखाडी आहे, तर दुसरे 53 इंचांचे व तांबूस आहे. शिवाय शेपटीवरचे काळे-पांढरे पट्टे एकावर चार आणि दुसऱ्यावर सहा आहेत. हीच जोडी काही युक्तीने जमवता येईल, की ती परत करावी? रत्नागिरीचा मामेभाऊ धामणीचे किंवा घोणसीचे कातडे पाठवतो म्हणतो, ते चालेल का? आणि सापाने टाकलेली कात वापरली तर?

सरसवाला (टेक्सास):

परत करा. लांबीतला फरक हा यातला सर्वांत किरकोळ दोष आहे, कारण प्रत्येक बाजूला तुम्हाला जेमतेम 33 इंच हवेत आणि मधला सांधा मुठीच्या चामड्याखाली झाकला जाईल. खरी अडचण अशी की साप जितका मोठा, तितके त्याच्या पाठीवरचे चौकटही (पत्त्यांतल्या चौकटासारखे नक्षीचे आकार) मोठे. दोन्ही कातडी शेजारी पसरा, शेपटीच्या टोकापासून 33 इंचांवर खूण करा आणि तेवढ्यात किती चौकट बसतात ते मोजा. एक-दोनांचा फरक नजरेला जाणवत नाही. चार-पाचांचा असेल तर धनुष्य भिंतीला टेकवून ठेवल्यावर पाहणाऱ्याचे लक्ष प्रथम तिथेच जाते.

पट्ट्यांतली तफावत बहुधा नर-मादीची असावी. रॅटलस्नेकच्या नराची शेपटी मादीपेक्षा लांब असते, त्यामुळे तिच्यावर पट्टेही सहसा जास्त दिसतात. पट्टे धनुष्याच्या दोन्ही टोकांना यावेत अशी बहुतेकांची इच्छा असते, म्हणून मागवतानाच ‘दोन्ही नर’ किंवा ‘दोन्ही मादी’ असे स्पष्ट लिहावे. रंगाचे म्हणाल, तर ज्या प्रदेशातली माती तांबडी असते तिथले साप बहुधा तांबूस आणि खडकाळ राखाडी प्रदेशातले राखाडी असतात. म्हणून एकाच भागातली, शक्य तर एकाच हंगामातली कातडी मागावीत. पश्चिम टेक्सासातल्या स्वीटवॉटर गावी 1958 पासून दरवर्षी मार्चमध्ये रॅटलस्नेक पकडण्याचा मोठा मेळावा भरतो. तिथल्या पद्धतीवर प्राणिप्रेमींचे गंभीर आक्षेप आहेत आणि ते मला पटतातही, परंतु त्या हंगामानंतर बाजारात निवड पुष्कळ असते, हेही खरे आहे.

आणखी एक. मोठ्या सापाचा मोह धरू नका. दीड इंचाच्या पाठीवर मोठा चौकट मावतच नाही. त्याच्या दोन्ही बाजू कापल्या जातात आणि उरतो तो नुसता करडा पट्टा. कॉपरहेड या सापाच्या बाबतीत उलटी गंमत आहे: त्याच्या अंगावरची डमरूसारखी नक्षी पाठीच्या मध्यावरच सर्वांत अरुंद असते, त्यामुळे निमुळत्या धनुष्यावर डमरूची नुसती कंबर दिसते. काहींना ते आवडते. मला तुमच्या मापासाठी साडेतीन फुटांच्या आसपासचे डायमंडबॅकच बरे वाटते.

वनपाठ (पुणे):

मामेभावाला आजच नको म्हणून कळवा. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली धामण आणि घोणस या दोघांनाही संरक्षण आहे. त्यांना मारणे, त्यांचे कातडे बाळगणे किंवा विकणे हा गुन्हा ठरतो, आणि ‘साप आपोआप मेलेला सापडला’ या सबबीने सुटका होत नाही. धामणीचा परदेशी व्यापार साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराखालीही नियंत्रित आहे, म्हणजे पार्सल तुमच्या बाजूच्या विमानतळावरसुद्धा अडकेल. मामेभावाने धामण भाताच्या खाचरात उंदीर खाण्यासाठी सोडलेलीच बरी.

अमेरिकेतही सगळीकडे मोकळे रान नाही. टिंबर रॅटलस्नेक मॅसॅच्युसेट्समध्ये संकटग्रस्त म्हणून संरक्षित आहे, न्यूयॉर्कमध्येही त्याला संरक्षण आहे. एका राज्याचा नियम मोडून मिळवलेले कातडे दुसऱ्या राज्यात विकले, तर 1900 सालापासूनचा लेसी कायदा लागू होतो. म्हणून साप कोणत्या राज्यातला आणि कसा मिळवला हे पावतीवर लिहून घ्या. जो विक्रेता हे लिहून द्यायला कुरकुरतो, त्याच्याकडून घेऊच नये.

कातीविषयी: सापाच्या रंगाच्या पेशी बहुतांश खालच्या थरात असतात आणि कात हा केवळ वरचा शृंगी पापुद्रा असतो, म्हणून ती जवळजवळ पारदर्शक दिसते. नक्षीची पुसट छाया येते, रंग येत नाही.

कुंपणकाठी:

दोघांचेही आभार. मोजले: 33 इंचांत एकावर 25 आणि दुसऱ्यावर 20 चौकट निघाले. जोडी परत पाठवतो आणि मामेभावालाही कळवले आहे. नवी जोडी आल्यावर ती चिकटवताना काय सांभाळावे? धनुष्य अजून 20 इंचांपर्यंतच ओढून पाहिले आहे.

दुसरी खेप (मिसुरी):

मग कातडे आले तरी कपाटात ठेवा. माझ्या पहिल्या धनुष्यावर मी उत्साहाच्या भरात कातडी आधी चिकटवली आणि नंतर मुठीखालची बाजू ताठ आहे हे लक्षात आले. पोटाकडून, म्हणजे दोरीकडच्या बाजूने, लाकूड तासताना कडेचे खवले कानशीत अडकून उचकटले आणि अखेर सगळे खरवडून काढावे लागले. कातड्याने धनुष्याला बळ येत नाही. ते काम जनावराच्या कंडरांच्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या चिवट दोऱ्यांच्या) तंतूंचे किंवा जाड कच्च्या चामड्याचे. सापाचे कातडे ही शोभा आहे, फार तर ओलाव्यापासून थोडासा आडोसा. तेव्हा दोन्ही बाजू सारख्या वाकू लागल्या, पूर्ण 28 इंचांपर्यंत ओढून शे-दोनशे बाण सोडून झाले, की मगच त्याला हात लावा.

ग्लिसरीनमध्ये मुरवलेले कातडे घेऊ नका, त्यावर डिंक नीट धरत नाही. नुसते वाळवलेले घ्या. कोमट पाण्यात ते ओल्या रुमालासारखे लुळे होईपर्यंत भिजवा आणि आतल्या बाजूचा चिकट पापुद्रा बोथट सुरीने काढून टाका. धनुष्याच्या पाठीवर पॉलिश पेपर फिरवून तेलकट बोटांचे डाग पुसा. सरस उत्तम, ते जमत नसेल तर टाइटबाँडचा दुसऱ्या क्रमांकाचा डिंक घ्या. तिसऱ्या क्रमांकाचा वाळल्यावर तपकिरी दिसतो आणि पातळ कातड्याखालून त्याची छटा वर येते.

आता मुख्य गोष्ट. धनुष्याच्या पाठीवर मुठीपासून टोकापर्यंत पेन्सिलीने मध्यरेषा आखा आणि ती कातड्याच्या कडेबाहेर मुठीवर व टोकावर दिसेल एवढी लांब ठेवा. चौकटांची टोके ज्या खवल्यांच्या मधल्या ओळीवर येतात, ती ओळ या रेषेवर बसवत मुठीकडून टोकाकडे चला आणि अंगठ्याने हवेचे बुडबुडे कडेला ढकला. ओले कातडे रबरासारखे ताणले जाते, पण लांबीत ते कधीही ताणू नका: चौकट लांबट होतात आणि वाळताना कातडे आकसून कडा उचलल्या जातात. माझ्या दुसऱ्या धनुष्यावर मुठीवरच्या बाजूचे चौकट पतंगासारखे लांबलेले आहेत, ते केवळ यामुळेच.

एक दिवस सावलीत वाळू द्या. मग लोंबत्या कडा पात्याने कापून कानशीने लाकडाशी समतल करा, कानस नेहमी पाठीकडून पोटाकडे. वरचे खवले सुटे वाटत असतील तर मास्किंग टेप दाबून शेपटीकडून डोक्याकडे ओढा; पापुद्रे टेपला चिकटून येतील आणि खालचा रंग उजळ दिसेल. तेल किंवा वार्निश लावल्यावर रंग एक छटा गडद होतो, म्हणून कापलेल्या कडेच्या तुकड्यावर आधी लावून पाहा. ओसेजची उघडी पिवळी बाजू उन्हाने हळूहळू तपकिरी होत जाईल. आज पिवळ्यापुढे राखाडी कातडे जेवढे खुलून दिसते तेवढे दोन वर्षांनी दिसणार नाही, हे नवी जोडी निवडताना ध्यानात ठेवा. तुमच्या जागी मी या वेळी तांबूसच मागवली असती.